जुनी लेन्स डिजिटल मीडियम फॉरमॅटवर: आधी ॲडाप्टर मोजा

चोर बाजारात मटण स्ट्रीटला किंवा फोर्टातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात मामिया ६४५ या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची ८० मि.मी. लेन्स दिसली की भाव, बुरशी आणि ओरखडे सगळेच बघतात. ती लेन्स आणि आपला सेन्सर यांच्यामध्ये जे धातूचं नळकांडं, म्हणजे ॲडाप्टर, बसणार आहे, ते मात्र शेवटी ऑनलाइन सर्वांत स्वस्त मिळेल ते मागवलं जातं. पुढे चित्र एका बाजूला मऊ आलं किंवा इन्फिनिटी (अगदी दूरवरचा फोकस) मिळाली नाही की दोष लेन्सच्या माथी बसतो. १०० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ ॲडाप्टरमध्ये असतं, असं आमचं ठाम मत आहे. म्हणून हे मार्गदर्शन लेन्सपासून सुरू न करता मापांपासून सुरू केलं आहे.

कुठली बॉडी काय स्वीकारते

इथली सगळी आकडेमोड ४३.८ × ३२.९ मि.मी.च्या मीडियम फॉरमॅट सेन्सरसाठी आहे. फुजीफिल्मची जीएफएक्स मालिका, हॅसलब्लाडची एक्स मालिका आणि पेंटॅक्स ६४५झेड या सगळ्यांत जवळपास हाच आकार आहे.

जुन्या लेन्ससाठी जीएफएक्स सर्वांत सोयीची, आणि त्याची कारणं दोन. माउंटच्या (लेन्स जिथे जोडली जाते त्या कड्याच्या) तोंडापासून सेन्सरपर्यंतचं अंतर फक्त २६.७ मि.मी. आहे, त्यामुळे जवळपास कुठल्याही एसएलआर लेन्सच्या मागे ॲडाप्टरला जागा उरते. दुसरं म्हणजे शटर बॉडीतच आहे, लेन्समध्ये शटर असो वा नसो. हॅसलब्लाड एक्स मालिकेत हे अंतर आणखी कमी आहे, पण यांत्रिक शटर त्यांच्या एक्ससीडी लेन्सच्या आत असतं. जुनी लेन्स लावली की इलेक्ट्रॉनिक शटर तेवढं उरतं, आणि एक्स१डीचा सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला साधारण ०.३ सेकंद घेतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट आणि हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. ०.३ सेकंदांत तीसेक पट्टे चित्रावर आडवे उमटतात. धावती लोकल तिरपी येते ती वेगळीच. एक्स मालिकेवर जुनी लेन्स घ्या ती दिवसाच्या उजेडासाठी आणि ट्रायपॉडवरच्या स्थिर विषयांसाठी.

पेंटॅक्स ६४५झेडचं अंतर ७०.८७ मि.मी. आहे. त्यामुळे तिच्या स्वतःच्या ६४५ लेन्सशिवाय पेंटॅक्स ६७, हॅसलब्लाड व्ही आणि पेंटाकॉन सिक्स अशा मोजक्याच माउंटांना वाव मिळतो. मामियाची लेन्स तिथे इन्फिनिटीला जाणारच नाही.

जाडीचं गणित

ॲडाप्टरची जाडी म्हणजे लेन्सच्या माउंटचं अंतर वजा बॉडीचं अंतर. जीएफएक्ससाठी ती अशी येते:

लायका एम – २७.८ वजा २६.७ = १.१ मि.मी.
कॅनन ईएफ – ४४.० वजा २६.७ = १७.३ मि.मी.
एम४२ (४२ मि.मी. आट्यांचा जुना माउंट) – ४५.४६ वजा २६.७ = १८.७६ मि.मी.
निकॉन एफ – ४६.५ वजा २६.७ = १९.८ मि.मी.
मामिया ६४५ – ६३.३ वजा २६.७ = ३६.६ मि.मी.
पेंटाकॉन सिक्स – ७४.१ वजा २६.७ = ४७.४ मि.मी.
हॅसलब्लाड व्ही – ७४.९ वजा २६.७ = ४८.२ मि.मी.
पेंटॅक्स ६७ – ८४.९५ वजा २६.७ = ५८.२५ मि.मी.

आता चूक किती महागात पडते ते पाहा. ॲडाप्टर ०.१ मि.मी.ने जाड असला, तर लेन्स इन्फिनिटीच्या टोकाला नेऊनही फोकस एका ठरावीक अंतरापलीकडे जात नाही. ते अंतर म्हणजे फोकल लांबीचा वर्ग भागिले चूक. ८० मि.मी. लेन्ससाठी ६४०० भागिले ०.१, म्हणजे ६४ मीटर. ५० मि.मी.साठी २५ मीटर आणि २८ मि.मी.साठी आठ मीटरसुद्धा नाही. लेन्स जितकी वाइड तितका ॲडाप्टर काटेकोर हवा.

ॲडाप्टर पातळ असला तर उलटं होतं. लेन्स इन्फिनिटीच्या पुढे जाते आणि अंतराच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. स्वस्त ॲडाप्टर बनवणारे मुद्दाम जरा पातळच ठेवतात, कारण इन्फिनिटी मिळाली नाही तर गिऱ्हाईक परत येतं, पुढे गेली तर बहुतेकांना कळतही नाही. ५० किंवा ८० मि.मी.च्या साध्या लेन्सला याने फारसं बिघडत नाही. पण ज्या वाइड लेन्समध्ये फोकस करताना आतले काचगट वेगवेगळ्या गतीने सरकतात, त्यांचे कोपरे बिघडतात. लेन्सला वाटतं आपण पाच मीटरवर आहोत, तुम्ही मात्र तिला मलबार हिल दाखवत असता.

जाडीपेक्षाही वाईट दोष म्हणजे तिरकेपणा. जीएफएक्स १०० मालिकेत एक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे. दोन पिक्सेलांएवढा धूसरपणा चालवून घ्यायचा म्हटलं, तर एफ/२.८ला सेन्सरपाशी मुभा मिळते फक्त ±०.०२ मि.मी. आणि एफ/८ला ±०.०६ मि.मी. ॲडाप्टरची एक बाजू दुसरीपेक्षा ०.१ मि.मी. जाड असेल, तर एफ/२.८ला चित्राची डावी किंवा उजवी कड हातची गेलीच.

मोजायचं कसं

साधा व्हर्निअर इथे पुरत नाही. त्याचं लघुतम माप ०.०२ मि.मी. असतं आणि हाताचा दाब कमी-जास्त झाला की तेवढाच फरक पडतो. ०.०१ मि.मी.चा मायक्रोमीटर हवा. ईएफ, एम४२, निकॉनसाठी ० ते २५ मि.मी.चा, मामिया, पेंटाकॉन सिक्स, हॅसलब्लाडसाठी २५ ते ५०चा आणि पेंटॅक्स ६७साठी ५० ते ७५चा. नागदेवी स्ट्रीटला मोजमापाच्या साधनांच्या दुकानांत मिळतात. विकत घ्यायचा नसेल तर साकीनाका किंवा कुर्ल्याच्या एखाद्या गाळ्यात लेथवर काम करणाऱ्या टर्नरकडे जा, त्याच्याकडे तिन्ही असतात.

ॲडाप्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. मायक्रोमीटरचं एक टोक बॉडीच्या बाजूच्या सपाट कड्यावर आणि दुसरं लेन्सच्या बाजूच्या सपाट कड्यावर टेकवा. बायोनेटच्या (फिरवून अडकवायच्या कड्याच्या) जिभा मापात येता कामा नयेत. घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ या चार जागी मापं घ्या आणि लिहून ठेवा. चारही मापांत ०.०२ मि.मी.पेक्षा जास्त फरक नसेल तर ॲडाप्टर ठेवण्यासारखा आहे. फरक ०.०५ असेल तर आधी सगळे स्क्रू सैल करून, कडी काढून, खाली अडकलेली धातूची कीस झटका. मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळत परत बसवा. पुष्कळदा एवढ्यानेच तिरकेपणा जातो. तरीही राहिला तर परत पाठवा. घासून समांतर करण्याच्या फंदात पडू नका, चांगल्या सरफेस ग्राइंडरशिवाय ते जमत नाही.

ॲडाप्टर नुसताच पातळ निघाला तर उपाय सोपा आहे, शिम (पातळ पत्र्याची कडी) टाकायची. ठरलेल्या जाडीतून चारही मापांची सरासरी वजा करा, तेवढी शिम. नागदेवीलाच पितळी शिमची पट्टी ०.०२, ०.०५, ०.१ अशा जाड्यांत मिळते. माउंटची कडी काढून तिचा आकार पट्टीवर गिरवा, बारीक कात्रीने कापा, स्क्रूची भोकं पंचने पाडा. कडांना राहिलेली कूस (कापताना उरलेली धातूची धार) २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून काढा. हे टाळलंत तर कुशीचीच जाडी शिमपेक्षा जास्त भरते आणि सगळी मेहनत वाया जाते. अंदाज घेण्यापुरती स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चालते. ती साधारण ०.०१ ते ०.०२ मि.मी. जाड असते. कायमची मात्र ठेवू नका, ती दाबाने चेपते.

जाड निघालेला ॲडाप्टर उघडून कड्याखाली कारखान्यातूनच एखादी शिम घातली आहे का बघा. असली तर काढून पुन्हा मोजा. नसली तर परत करा.

इमेज सर्कल आणि आस्पेक्ट रेशो

इमेज सर्कल म्हणजे लेन्स मागे जे प्रकाशाचं वर्तुळ टाकते ते. आपल्या सेन्सरचा कर्ण ५४.८ मि.मी. आहे. ३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीचा ४३.३. म्हणजे ३५ मि.मी.साठी बनलेली लेन्स हा सेन्सर भरेलच अशी हमी नाही. ६४५च्या (६×४.५ से.मी. फिल्मच्या) चौकटीचा कर्ण सत्तरच्या आसपास आहे, ६×६चा ७९, ६×७चा ९०च्या जवळ. या तिन्ही घराण्यांतल्या लेन्सची चिंता नको.

३५ मि.मी.च्या लेन्समध्ये ८५ ते २०० मि.मी.च्या टेलीफोटो बऱ्याचदा निभावतात, ५० मि.मी.च्या काही निभावतात, आणि ३५च्या खालच्या जवळजवळ सगळ्या कोपरे काळे करतात. मोठा अपवाद कॅननच्या टीएस-ई, म्हणजे तिरप्या करता आणि सरकवता येणाऱ्या, लेन्सचा. त्यांतल्या १७ मि.मी.च्या आणि दुसऱ्या आवृत्तीच्या २४ मि.मी.च्या लेन्सचं इमेज सर्कल ६७.२ मि.मी. आहे, म्हणजे जीएफएक्सवर त्या सेन्सर भरून वर शिफ्टही (सरकण्याची मुभा) देतात.

कोपरे काळे आले म्हणून लगेच ३५ मि.मी. मोडवर (सेन्सरचा ३५ मि.मी. फिल्मएवढा मधला भागच वापरणाऱ्या) जाऊ नका. त्यात १०० मेगापिक्सेलचे साठच उरतात. आधी आस्पेक्ट रेशो (चौकटीच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) बदलून बघा. चौरसाचा कर्ण ४६.५ मि.मी. येतो आणि ६५:२४च्या लांबट चौकटीचा ४६.७. दोन्ही ४३.३च्या इतके जवळ आहेत की ४:३मध्ये नापास झालेल्या कितीतरी ५० आणि ८५ मि.मी. लेन्स इथे कोपऱ्यापर्यंत स्वच्छ येतात. मरीन ड्राइव्हची कमान ६५:२४मध्ये घ्यायची असेल तर जुनी एसएलआर लेन्स पुरते.

तपासणी अशी करा. लेन्स इन्फिनिटीला, फिल्टर आणि हूड काढलेला, समोर एकसारखा उजळलेला पांढरा ॲक्रिलिक. एक फोटो ॲपर्चर (लेन्समधलं पात्यांचं छिद्र) पूर्ण उघडून, एक एफ/११ला. उघड्या ॲपर्चरला असलेला अंधार एफ/११ला विरला तर ते साधं व्हिनेटिंग आहे, चालेल. एफ/११ला काळा कोपरा उलट आणखी धारदार झाला तर इमेज सर्कलच संपलं आहे. ही तपासणी जवळच्या फोकसवर करू नका, कारण लेन्स पुढे सरकली की सर्कल मोठं होतं आणि फसगत होते.

६४५च्या लेन्सचं जास्तीचं सर्कल फोर्टात फार उपयोगी पडतं. शिफ्ट ॲडाप्टरवर मामिया ६४५ची लेन्स उभ्या दिशेने साधारण १० मि.मी. आणि आडव्या दिशेने आठेक मि.मी. सरकू शकते (कॅमेरा आडवा धरला आहे असं गृहीत धरून). दादाभाई नौरोजी रोडवर समोरच्या फुटपाथवरून इमारतीचा माथा घ्यायला कॅमेरा वर करावा लागत नाही, म्हणून खांब आत झुकत नाहीत. ४५ मि.मी. एफ/२.८ आणि ३५ मि.मी. एफ/३.५ या दोन मामिया-सेकॉर लेन्स त्यासाठी बघा. फुल फ्रेमच्या भाषेत त्या अनुक्रमे ३६ आणि २८ मि.मी.च्या होतात.

ॲपर्चर कोण बंद करणार?

लेन्स विकत घेण्यापूर्वी हा प्रश्न विचाराच. ॲपर्चरची कडी आहे आणि ती फिरवली की पाती खरंच मिटतात, अशी लेन्स सर्वांत सरळ. एम४२च्या बऱ्याच लेन्समध्ये मागे एक पिन असते. ती दाबल्याशिवाय पाती मिटत नाहीत. ॲडाप्टरला पिन दाबणारी आतली कड हवी किंवा लेन्सवरचा ए/एम (ऑटो/मॅन्युअल) खटका एमवर हवा. निकॉनच्या 'जी' प्रकारच्या लेन्सला कडीच नाही, ॲडाप्टरवर स्वतंत्र कडी असलेला प्रकार घ्या. कॅनन ईएफची पाती विजेवर चालतात, तिथे फ्रिंजर किंवा टेकआर्टसारखा इलेक्ट्रॉनिक ॲडाप्टरच हवा. एसटीएम लेन्सचा फोकसही विजेशिवाय फिरत नाही. ऑटोफोकस ५० मेगापिक्सेलच्या जीएफएक्सवर चाचपडतो, कारण त्यांत फेज डिटेक्शन (फोकस झटपट साधणारी पद्धत) नाही. १०० मालिकेवर तो कामाचा आहे.

हॅसलब्लाड व्हीच्या सी आणि सीएफ लेन्समध्ये स्वतःचं शटर आहे. ॲडाप्टरवर चढवताना लेन्स कॉक केलेली (शटरची स्प्रिंग ताणलेली) असू द्या, म्हणजे तिचं शटर उघडं राहतं. पाती मात्र तशीच उघडी राहतात, ती मिटवायला लेन्सवरचा डेप्थ ऑफ फील्डचा खटका दाबावा लागतो. हे विसरलं की सगळे फोटो पूर्ण उघड्या ॲपर्चरचे येतात आणि कारण सापडत नाही.

नळकांड्याच्या आतली चमक

३५ मि.मी.हून लांब ॲडाप्टरमध्ये खरं पाणी इथे मुरतं. ६×७ची लेन्स ९० मि.मी.चं वर्तुळ फेकते, सेन्सर त्यातला ५५चा भाग घेतो, उरलेला प्रकाश ॲडाप्टरच्या भिंतीवर आपटून पुन्हा सेन्सरवर येतो. चित्रावर पांढुरका पडदा येतो, काळा रंग राखाडी होतो आणि लोक म्हणतात जुन्या लेन्सला कॉन्ट्रास्ट नसतो.

ॲडाप्टर आणि लेन्स जोडून, मागच्या बाजूने उजळ खिडकीकडे बघा. सेन्सरचा कोपरा जिथे येईल तिथे डोळा न्या. आतली भिंत चकाकली तर तिला काळं करायला हवं. काळी पेंट उपयोगाची नाही, तिरप्या कोनात मॅट पेंटही चमकते. चिकट पाठीची काळी फ्लॉकिंग शीट किंवा आखूड लवेची काळी मखमल आतून लावा. आधी ती चिकटपट्टीने दोनचार वेळा झटकून सुटे धागे काढून टाका, नाहीतर ते सेन्सरवर बसतील. कडांना धागे उसवू नयेत म्हणून अगदी पातळ फेविकॉल फिरवा.

एन्लार्जरच्या लेन्स

एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र. डार्करूम बंद पडल्या तेव्हापासून एल-निक्कॉर ८० मि.मी. एफ/५.६, रोडागॉन ८० आणि कॉम्पोनॉन-एस ८० अशा लेन्स भंगाराच्या भावात मिळतात. ६×६ निगेटिव्हसाठी बनलेल्या, म्हणजे सर्कल भरपूर. कडांपर्यंत सपाट आणि एफ/८ ते एफ/११ला फार सुरेख. ५० मि.मी.च्या घेऊ नका, त्या ३५ मि.मी. निगेटिव्हपुरत्या असतात.

त्यांना फोकसची कडी नसते, म्हणून हेलिकॉइड (फिरवून लांबी कमी-जास्त करायचं नळकांडं) लागतं. सामान असं: एम३९ ते एम४२ रिंग, एम४२ हेलिकॉइड आणि एम४२ ते जीएफएक्सची पातळ कडी. हेलिकॉइड किती लांबीचं हवं ते घरीच काढता येतं. दिवसा खोलीतला दिवा बंद करून खिडकीसमोर उभे राहा. लेन्स एका हातात आणि पांढरा कागद दुसऱ्या हातात धरा. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी कागदावर स्पष्ट उमटली की लेन्सच्या आट्यांच्या खांद्यापासून कागदापर्यंत पट्टीने मोजा. त्यातून २६.७ आणि दोन्ही रिंगांची जाडी वजा करा. उरलेली लांबी हेलिकॉइडच्या किमान लांबीपेक्षा दोनतीन मि.मी. जास्त भरली पाहिजे. हेलिकॉइड १७–३१ आणि २५–५५ अशा मापांत येतात. पट्टीची एक मि.मी.ची चूक त्या दोनतीन मि.मी.त सामावते.

यातल्या नव्या पिढीच्या लेन्समध्ये ॲपर्चरचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून मागून प्रकाश येणारी एक छोटी खिडकी असते. कॅमेऱ्यावर हीच खिडकी उलट काम करते, बाहेरचा उजेड आत सोडते. ती काळ्या टेपने बंद करा. कोपरे उघड्या ॲपर्चरला कापले जात असतील तर दोष लेन्सचा नाही, एम४२ची नळी अरुंद पडते. एक स्टॉप मिटवा, किंवा खर्च झेपत असेल तर एम६५ हेलिकॉइडकडे जा.

बॉडीवरची तयारी आणि शेवटची चाचणी

जीएफएक्सच्या मेनूत 'शूट विदाउट लेन्स' चालू करा, नाहीतर शटरच दाबलं जाणार नाही. 'माउंट ॲडाप्टर सेटिंग'मध्ये फोकल लांबी भरा. स्टॅबिलायझेशन असलेल्या बॉडीत हा आकडा चुकला तर चित्र स्थिर होण्याऐवजी जास्तच हलतं. इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन निवडा, फ्लॅश १/१२५च्या पलीकडे नेऊ नका.

लेन्स चढवण्यापूर्वी तिचा मागचा भाग किती बाहेर येतो ते बघा. ज्युपिटर-१२सारख्या रेंजफाइंडर लेन्सची मागची काच खूप आत घुसते, ती शटरला लागू शकते. अशी लेन्स चढवूच नका. पेंटाकॉन सिक्सची सोनार १८० एफ/२.८ एक किलोच्या पुष्कळ वर जाते, तिथे ट्रायपॉड बॉडीला न लावता ॲडाप्टरच्या पायाला लावा.

चाचणी पहाटे करा, ऊन चढल्यावर समुद्रावरची हवा थरथरते आणि चांगली लेन्सही मऊ दिसते. नरिमन पॉइंटहून मलबार हिल, किंवा उंच गच्चीवरून लांबच्या इमारतींची रांग. ॲपर्चर पूर्ण उघडा, चित्र मोठं करून मधोमध फोकस करा, मग तीच रांग चौकटीच्या डाव्या आणि उजव्या टोकाला आणून, फोकसला हात न लावता, एकेक फोटो घ्या. एक बाजू मऊ आली तर त्याच ॲडाप्टरवर दुसरी लेन्स लावून पुन्हा करा. तीच बाजू मऊ राहिली तर ॲडाप्टर तिरका आहे. दोष जागा बदलतो, तर लेन्स.

लेन्स डुलत असेल तर ॲडाप्टरच्या बायोनेटमधल्या स्प्रिंगच्या पाकळ्या पातळ पात्याने किंचित उचला, केसभर पुरे.

जून ते सप्टेंबर मुंबईत लेन्स उघड्या कपाटात ठेवू नका. हवाबंद डबा, आत आर्द्रतामापक आणि नारिंगी सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. साठच्या वर दिवसेंदिवस राहिला तर बुरशी धरते, आणि तिने कोटिंग खाल्लं की ते परत येत नाही. तीसच्या खाली नेण्याचाही अट्टहास नको. ॲडाप्टर लेन्सला कायम जोडलेला ठेवत असाल तर दोन्ही टोपणं लावूनच डब्यात टाका, आणि चार जागी घेतलेली मापं एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी टोपणाच्या आत चिकटवा.